नागाओकाची जागा

त्सुबामे, २४ नोव्हेंबर

चि. कानाएस,
सुमिए आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तोक्योत राहून तू अजून पोस्टाची तिकिटं चिकटवतेस म्हणून तुझ्या ऑफिसातली मंडळी हसतात ना? हसू देत. फोनवर मी नुसतं हं हं करते, हे तुला ठाऊक आहे.

बातमी अशी की एप्रिलपासून कारखान्यातलं पगाराचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार. एकतीस वर्षं या चमचे घडवणाऱ्या दीडशे माणसांचे पगार मी केले. वर्षअखेरीला जो तो करासाठी घरच्यांच्या माहितीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी यायचा. कोण सोबत राहतं, कोण आपल्यावर अवलंबून आहे, सगळं त्यात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा मुलगा कमावता झाला, ते शेजाऱ्यांच्या आधी मला कळायचं. पुढच्या वर्षीपासून म्हणे मोबाइलवर भरायचं. तुम्हाला काढत नाही हो, असं साहेब दोनदा म्हणाले, पॅकिंगमध्ये बसा म्हणाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी चमचे पुसत बसू की काय?

ऑगस्टात तुझी आजी गेल्यापासून घरात आवाज असा नाही. लोणच्यासाठी मुळे वाळत टाकलेत, ते दोघींच्या मापानं. खाणार कोण? तू तरी नीट जेवत जा.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या


कामाता, तोक्यो, २९ नोव्हेंबर

ती. सुमिए आत्यास,
कानाएचा सा. न. वि. वि.

तू चमचे पुसणार? मग मी हा नोकऱ्या लावून देण्याचा धंदा बंद करून तुझ्या शेजारी पुसायला येते!

आत्या, तुला तुझा भाव माहीत नाही. पगाराचं काम जाणणारी माणसं हल्ली दिवा घेऊन शोधली तरी मिळत नाहीत. परवा-परवापर्यंत एका माणसामागे दोन कंपन्या असायच्या, आता चार असतात. तरुण पोरं टिकत नाहीत. काम बरोबर झालं तर कुणी नाव काढत नाही आणि चुकलं तर सगळे अंगावर येतात, मग कोण राहील? यंत्रं आणलेल्या कंपन्यांचीच जास्त ओरड आहे. कुणाची बायको घर सोडून गेली, हे यंत्राला सांगणार कोण? वय विचारायची कायद्यानं बंदीच आहे. पूर्वी कंपनीवाले ते डोळ्यांनी विचारायचे, आता गरजेपोटी तेही सोडलंय.

इथे कामातात औषधं पोचवणारी एक कंपनी आहे, माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. तुझ्या बाजूला सध्या काही नाही, मी नीट पाहिलं. तेव्हा इकडेच ये. नाही म्हणू नकोस.

वडिलकीच्या रागासकट लोभ असावा.
कानाए


त्सुबामे, १२ डिसेंबर

चि. कानाएस, आशीर्वाद.

तुझ्या त्या औषधांच्या कंपनीला नको म्हणून कळव. कारण ऐक आणि कुणाला सांगू नकोस.

बाहेरची कंपनी यंदाचे अर्ज तपासून बघते आहे. सोमवारी तिथल्या एका मुलीचा फोन आला. फार अदबीनं बोलली पोर. म्हणाली की एका अर्जात गोंधळ दिसतो. ऑगस्टमध्ये आईच्या मृत्यूची रजा मांडलेली आहे आणि पुढच्या वर्षासाठी आत्ता भरलेल्या अर्जात तीच आई सोबत राहते असं लिहिलंय, तर यातलं खरं कुठलं? मी विचारलं, कुणाचा अर्ज? ती म्हणाली, कुवाबारा सुमिए यांचा.

मीच लिहिलं होतं, माझ्या हातानं, वर शिक्का मारून. घटस्फोट लपवून बायकोचं नाव लिहिणाऱ्या कारखान्यातल्या ओगावाला मी एकदा सगळ्यांदेखत झापलं होतं, की अर्जात असलेलं लिहायचं, हवंसं वाटतं ते नाही. आणि मी काय केलं? विसरले म्हणावं तर तेही खोटं. ती ओळ कोरी ठेवायला हात होईना. मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

अशा बाईच्या हाती कुणी पगार देऊ नयेत. मी पॅकिंगमध्येच बरी.

लोभ कमी केलास तरी रागावणार नाही.
आत्या


कामाता, १६ डिसेंबर

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तू खरं लिहिलंस, आता मलाही लिहायला हवं. चार वेळा कागद फाडला.

तुझ्या बाजूला काही नाही, हे मी खोटं लिहिलं. नागाओकाला एका रुग्णालयाची जागा ऑक्टोबरपासून रिकामी आहे. तुझ्या स्टेशनापासून तासाभराच्या आत पोचशील. कामातापेक्षा काम चांगलं, माणसं चांगली, आणि त्यांना तुझ्याच वयाचं कुणीतरी हवंय. त्या जागेची चिठ्ठी मी खणात दाबून ठेवली. तुला तोक्योत आणायचं होतं म्हणून. इतरांना नोकऱ्या लावताना मी असलं कधीच केलं नाही, आपल्या माणसाशी केलं.

पत्ता सोबत जोडला आहे. तुझ्या त्या चुकीबद्दल मला एवढंच वाटतं, की मी तिथे असते तर अर्ज माझ्यासमोर भरला असतास.

क्षमा करता आली तर लोभ असावा.
कानाए


त्सुबामे, १४ जानेवारी

चि. कानाएस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला महिना लावला. पहिले दहा दिवस राग होता, ते कबूल करते. मग नागाओकाला जाऊन आले. कमरेएवढा बर्फ. इथे का यावंसं वाटलं, असं रुग्णालयातल्या मुख्य बाईंनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या भाचीनं ही जागा माझ्यापासून लपवली, तेव्हा पाहावं म्हटलं आहे तरी काय. त्या हसल्या. अर्जातली चूकही मी सांगून टाकली. त्या हसल्या नाहीत. कधीपासून येता, एवढंच विचारलं. त्यांची आधीची बाई आजारी आहे आणि दोनशे परिचारिकांच्या पगाराचं काम अडलंय. मी शब्द दिला, एप्रिलपासून.

तुझ्या मागच्या पत्रावरून एक विचारायचं होतं. तुझे आईबाबा बँकॉकला राहायला गेल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून तू तिथे एकटी. या चार वर्षांत मी तुला मुळे, बर्फ आणि कारखाना लिहिला, आणि तू मला बाजारात कुणाला किती मागणी आहे ते लिहिलंस. तुझ्या ताटासमोर कोण बसतं, हे मी एकदाही विचारलं नाही. चूक माझीही आहे.

पण पोरी, तुला नोकरीचं निमित्त कशाला लागलं? आत्या, मला एकटं वाटतं, ये, एवढं एका ओळीत लिहिलं असतंस तर मी पॅकिंगही सोडून आले असते, बिनकामाची, दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं. आता शब्द दिलाय, तो मोडता येत नाही.

एकट्या बाईचा लोभ एकट्या पोरीवर आहे, तो असू दे.
तुझी आत्या