घरी देता का?

सोमवार, ९ मार्च
सकाळी चॉकलेट दुधाच्या अकराच्या अकरा बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. आमच्याच कंपनीच्या, आम्हाला फुकट मिळतात त्या. पेपरात आलंय — या दुधात घालतात त्या पावडरीत कसलंतरी रसायन सापडलं, पोरांच्या मूत्रपिंडावर जातं म्हणे. चिमणी मागे उभी राहून भोकाड पसरून रडत होती. चार वर्षांची माझी लेक, आणि दीड वर्ष मीच हौसेने पाजत आलेय. शी! दोनदा घासलं तरी सिंकला तो गोडूस वास येतोच आहे.

मग तयार होऊन कामावर गेले आणि दिवसभर फोनवर वाचत बसले — "आमचं उत्पादन पूर्णपणे सुरक्षित आहे." तक्रारींच्या फोनसाठी साहेबाने छापील कागद दिलाय. त्याबाहेर चकार शब्द काढायचा नाही. सगळं रेकॉर्ड होतं.

मंगळवार, १०
ऑफिसचा फ्रिज! एरवी दुपारपर्यंत बाटल्या फस्त. आज एकही हललेली नाही. सगळे गुपचूप कोरा चहा पितायत. साहेबसुद्धा. आणि हाच मागे उभा राहून सांगतो, आवाजात जरा विश्वास आणा. तोंड बघवत नव्हतं त्याचं. डबा तसाच परत आणला.

बुधवार, ११
एका आजोबांचा फोन. नात अशक्त आहे, दुसरं काही तिच्या पोटात ठरत नाही, हे दूध तेवढं आवडीने पिते. पेपर वाचून त्यांनी बंद केलं, तर पोर दोन दिवस उपाशी. मी कागद वाचला. त्यांनी निमूट ऐकून घेतला. मग म्हणाले, "ताई, ते राहू द्या. तुम्हाला मूलबाळ आहे ना? तुम्ही घरी देता का?"

हे कागदावर नव्हतं. साहेब मागे उभा.

"हो," म्हटलं. "रोज देते."

इतके दिवस निदान दुसऱ्याचं खोटं वाचत होते. आजचं माझ्या पोटातून आलं. घरी येऊन चूळ भरली, परत परत भरली.

गुरुवार, १२
चिमणीची तपासणी केली. काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं, वेळेत थांबवलंत. जीव भांड्यात पडला. रिक्षात बसल्यावर आजोबांची नात आठवली आणि स्वतःची शिसारी आली.

शुक्रवार, १३
सिंकचा वास जात नाही. नवरा म्हणतो, कसला वास? काही नाहीये.

शनिवार, १४
आजोबांचा फोन. बुधवारच्या ताईंनाच द्या, म्हणून अडून बसले होते. आभार मानायचे होते. तुम्ही स्वतःच्या लेकराला देता म्हणालात, म्हणून धीर झाला, परत सुरू केलं. पोरीचा चेहरा खुललाय.

साहेब मागेच होता. मी कागद उलटा ठेवला.

"आजोबा, मी खोटं बोलले. आमच्याकडचं मी सोमवारीच ओतून टाकलं. तुम्हीही टाका, आत्ताच्या आत्ता."

आजोबा हळूच म्हणाले, "सकाळची बाटली पिऊन झाली तिची."