लाल बटण

१४ जुलै, रविवार

प्रिय ठकूस,
दादाचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण दुकानाचा जिना चढतो. पंखे, मिक्सर दुरुस्तीला येत असतात. काल दिवसभरात दोनच वाक्यं बोललो, तीही एका गिऱ्हाइकाशी, पंख्याबद्दल. चालायचंच. जावईबापूंचा खोकला थांबला का?

एक बातमी आहे. आपला तो सिनेमा पुन्हा दाखवताहेत. हो, तोच, माणसं गिळणाऱ्या संगणकाचा! कॉलेजातली एक मुलगी माझा पत्ता शोधत दुकानात आली. "काका, ते यंत्र तुम्ही बनवलंत ना?" मला हसूच आलं. मोडीत निघालेल्या छापखान्याचे रूळ, पिठाच्या गिरणीची मोटार आणि डोळ्यांच्या जागी स्कूटरचे दोन दिवे. चाळीस वर्षांनी कुणी त्याची चौकशी करेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी गेलो बघायला. शेवटच्या रांगेत बसलो. लोक पोट धरून हसत होते. संगणक "मला भूक लागली आहे" म्हणतो तिथे तर शिट्ट्या पडल्या. डायरेक्टरसाहेबांनीच नाक दाबून तो आवाज दिला होता, आठवतं? मीही हसलो गं.

मग तुझा प्रसंग आला.

हिरॉइन रुसून निघून गेली, म्हणून मीच तुला नेलं होतं. "एका दुपारचं तर काम, पाठमोरीच दिसशील," म्हणालो. तू टायपिंगच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलीस. रुळांजवळ हात न्यायचा आणि ओरडायचं, एवढंच.

तू ओरडलीस आणि अख्खं थिएटर गप्प झालं. मग टाळ्या. शेजारचा माणूस म्हणाला, "काय ओरडलीय बाई! काटा आला अंगावर."

मी मनात मोजत होतो. तुझ्या ओरडण्यापासून रूळ थांबेपर्यंत चार सेकंद.

ठकू, यंत्र थांबवायचं ते लाल बटण अडकलं नव्हतं.

पोलिसांना, आईला, तुला, सगळ्यांना मी ते अडकलं असंच सांगितलं. दवाखान्यात तू धड असलेल्या हाताने माझे डोळे पुसलेस. "दादा, मेलं ते बटणच अडकलं, तू तरी काय करणार?" तेव्हापासून तुझ्या घरी पानावर बसलो की घास उतरत नाही. म्हणून येत नाही मी. दुकान, गुडघे ही सगळी निमित्तं.

बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. साहेब कॅमेऱ्यामागून ओरडले, "थांबवू नकोस! झकास चाललंय!" बाकीच्यांना ते नाटक वाटलं. त्यांना तुझा आवाज कुठे माहीत होता? मला होता. लहानपणी दारात बोट चेमटलं, तेव्हा तू याच आवाजात ओरडली होतीस. पडद्यावर नीट ऐकलं तर कळतं, तू नुसती किंचाळत नाहीस. तू "दादा" म्हणतेस. संवादात तो शब्द नव्हता.

हे कळूनसुद्धा मी साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. माझ्या हातच्या कामाला झकास म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी चाळीस वर्षं शोधतोय, सापडत नाही. तुझी दोन बोटं गेली, नोकरी गेली, आणि वर तूच माझी समजूत घालत राहिलीस.

शनिवारी पुन्हा खेळ आहे. त्या मुलीने मला स्टेजवर बोलायला बोलावलंय. मी नाही म्हणून कळवलं. त्याऐवजी शनिवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतो. हे पत्र त्याआधी पोचेल. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर पायरीवर थोडा टेकेन आणि परतीची गाडी धरेन. त्यात तुझं काही चुकलं असं मी मानणार नाही.

जावईबापूंना पत्र दाखवायचं की नाही, तू बघ. आणि यापुढे मला दादा म्हणायचं की नाही, तेही तुझं तू ठरव.

तुझा थोरला भाऊ