फिका जिल्हा

पाचोरा,
१२ जानेवारी २०२५

प्रिय चंद्रकलाबाईसा,

सप्रेम जय जिनेंद्र.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल तर नवल वाटेल. तुमचा फोन नंबर श्रेयांसने शोधून दिला होता. पण पहिल्या वाक्याला काय बोलायचं ते सुचेना, आणि फोन ठेवून देता येतो. पत्र निदान घरात पडून राहतं.

इकडे सगळं ठीक. थंडी यंदा बरी पडली आहे. दुकान आता श्रेयांस पाहतो. तुम्ही अमृतरावांशी लग्न करून गेलात तेव्हा तो जन्मला नव्हता, आता माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. रिद्धी जळगावला एम.एस्सी. करते. मांजींचं, तुमच्या आईंचं, वय ऐंशीच्या पुढे गेलं, पण सकाळी सामायिकाला ध्यान लावून बसणं चुकत नाही. अजून स्वतःची भाकरी स्वतः मोडून खातात.

तुमचे भाऊ, श्रेयांसचे वडील, गेले. दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. उठावण्याला सांत्वनासाठी पुष्कळ माणसं आली. तुम्हाला कळवावं असं मी म्हटलं होतं. रुपचंद काकासा म्हणाले, "नंतर बघू." कोणाकडून तरी तुमच्या कानावर आलंच असेल, असं धरून लिहिते.

आजार यकृताचा होता. कॅन्सर. उन्हाळ्यापासून थकवा होता, पण थकायला दुकानात कारणं खूप. पर्युषणात त्यांनी अठाई केली, आठ दिवस फक्त गरम पाण्यावर. चेहरा उतरला तर लोक म्हणाले, तपाचं तेज आहे. पारण्याला गावातून वाजतगाजत वरघोडा निघाला, हार घातले. पुढच्या आठवड्यात डोळे पिवळे झाले. मग पहूरला काविळीची माळ घालून आणली. माळ लांब झाली की कावीळ उतरते म्हणतात. माळ लांब झाली. पोटही फुगलं. तेव्हा जळगावला सोनोग्राफी, आणि तिथून मुंबई. मुंबईच्या डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत सांगितलं की उपचार करण्याची वेळ निघून गेली आहे. चांगल्या शब्दांत सांगितलं.

तुमच्या कानावर आणखी एक गोष्ट येईल, म्हणून आधीच लिहिते. गावात म्हणतात, ते चोरून पीत होते. आपल्या कामाच्या बेबाबाईने मला तोंडावर सांगितलं, "बठ्ठा लोके म्हंतस, शेठ पेत व्हता." तिने लपवलं नाही हे मला बरं वाटलं. लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच दिसते. तुमचे थोरले भाऊ प्रेमराजजी असेच पोट फुगून गेले होते. ते मित्रांबरोबर अधूनमधून घ्यायचे, म्हणून तेव्हा आपणही दुसरं कारण शोधलं नाही. तुमच्या अभयभाऊंनी सुपारीही खाल्ली नाही.

गेले त्या सकाळी आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले होते. म्हणाले, "भाभी, हृदयक्रिया बंद पडली असं लिहितो. खोटं नाही, शेवटी सगळ्यांचं हृदयच बंद पडतं." काकासा म्हणाले, "तेच लिहा. रिद्धीचं जमवायचं आहे." मी म्हटलं, "यकृताचा कॅन्सर लिहा. आणि कशामुळे झाला, तेही लिहा." काकासा तेव्हापासून माझ्याशी मोजकं बोलतात.

कारण होतं हिपॅटायटिस बी, आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात ती. ती रक्तात वर्षानुवर्षं गप्प बसते. माणूस खातो-पितो, धंदा करतो, काही कळत नाही. मुलांना लहानपणी लस दिली होती, त्यांच्यात नाही. माझ्यातही नाही.

हा आजार घराण्यात असू शकतो. म्हणून तुम्ही एकदा रक्त तपासून घ्यावं, एवढंच सांगायचं होतं. धुळ्याला सरकारी दवाखान्यातही ही तपासणी होते. अमृतरावांना नमस्कार.

आपली,
कुसुमलता

—

पाचोरा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय चंद्रकलाबाईसा,

जय जिनेंद्र.

तुमचं पत्र मिळालं. चारच ओळी होत्या, पण आल्या. तुम्ही लिहिता, मला काही झालेलं नाही, मला तपासणी नको. ज्या घराने जिवंतपणी विचारलं नाही त्याने आता माझ्या रक्ताची चौकशी करू नये. आणि शेवटी लिहिता, भावाने माझं नाव घेतलं का, एवढं मात्र खरं सांगा.

खरं सांगते. ते ऐकायला बरं नाही.

मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात डॉ. हसीब म्हणून एक जण भेटले. मूळचे पारोळ्याचे. ते औषध देत नाहीत. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या कॅन्सरने किती माणसं जातात, याचा अभ्यास करतात. पत्त्यावर पाचोरा वाचून खाटेशी आले आणि म्हणाले, "तुम्हनं गाव पाचोरा शे का, शेठ?" तुमच्या भावाचा चेहरा त्या इस्पितळात पहिल्यांदा उजळला. मग दोघं बराच वेळ पाचोऱ्याच्या बाजाराबद्दल बोलले.

हसीबभाईंनी आम्हाला संगणकावर देशाचा नकाशा दाखवला. यकृताच्या कॅन्सरने जिथे जास्त माणसं जातात तो भाग गडद तांबडा. ईशान्येकडे बराच गडद होता. आपला जळगाव, धुळे, नंदुरबार अगदी फिका. तुमचे भाऊ म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे हा रोग कमी." थोड्या अभिमानानेच म्हणाले.

"असेलही कमी," हसीबभाई म्हणाले. "पण मला तसं छातीठोक सांगता येत नाही, शेठ. आपल्याकडे पोट फुगून गेलेल्या माणसाचं कारण कोण लिहितं? कावीळ झाली होती, अशक्तपणा होता, हृदय बंद पडलं. जिथे नोंद नाही तिथे रंग नाही. आणि रंग नाही म्हणून तिथे तपासायला कोणी जात नाही."

 तुमच्या भावाच्या शेजारच्या खाटेवर दादरचे एक गृहस्थ होते. तोच आजार, तेच कारण. पण त्यांच्या डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला लावली होती, गाठ बोराएवढी असताना सापडली, काढून टाकली. ते घरी जायला निघाले होते, कपड्यांच्या घड्या करत होते. माझे यजमान त्या घड्यांकडे बघत राहिले. मीही बघत होते. दोघांत फरक पत्त्याचाच होता असं मला वाटलं. ते मी बोलले नाही.

मग हसीबभाईंनी घरातल्यांची माहिती विचारली.

"भाऊ?"

"एक थोरले होते. वारले."

"कशाने?"

"दारूने," तुमचे भाऊ म्हणाले. आणि थांबले. प्रेमराजजींचं खरं कारण त्यांना त्याच वेळी कळलं असावं.

"बहीण?"

"नाही."

मी शेजारी उभी होते. मी म्हटलं, "आहे. धाकटी. धुळ्याला असते."

हसीबभाईंनी दोघांकडे पाहिलं आणि मान खाली घालून लिहून घेतलं. म्हणाले, "त्यांना कळवा. लवकर कळवा."

 परतीच्या गाडीत मनमाडला ते म्हणाले, "तिला कळवायचं नाही. कळवलं तर आईला कळेल." मी विचारलं, आईला काय कळेल? त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मी त्यांच्या हयातीत तुम्हाला लिहिलं नाही. मरणाऱ्या माणसाशी मला भांडायचं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपत असतं तर मी कदाचित ते लिहिलंच नसतं. पण पुढे एक दिवस हसीबभाईंचा फोन आला, तब्येत विचारायला. त्यांना काही माहिती पुन्हा नीट लिहून घ्यायची होती. फोन मी यांच्या कानाशी धरला होता. हातात धरायची ताकद नव्हती. भावंडं किती, असं त्यांनी विचारलं असावं. हे म्हणाले, "तीन. थोरले प्रेमराज, ते गेले. मग मी. मग बहीण."

पलीकडून नाव विचारलं.

"चंद्रकला," ते म्हणाले. थोडा दम घेतला. "चंद्रकला अमृत बागूल. देवपूर, धुळे."

बाईसा, या घरात अमृतरावांचं नाव त्याआधी कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. तुमचं सासरचं आडनाव, देवपूर, हे त्यांना माहीत होतं हे मलाही तेव्हाच कळलं.   त्यांनी तुम्हाला भेटायची इच्छा बोलून दाखवली असं मी लिहिणार नाही, कारण दाखवली नाही. नाव घेतलं. पूर्ण घेतलं. एवढंच खरं आहे.

दाखल्यावर खरं कारण लिहायचा हट्ट मी का धरला, ते आता तुम्हाला समजेल. हसीबभाईंना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या जिल्ह्याची एक नोंद खरी झाली, भाभी." एका माणसाने नकाशाचा रंग बदलत नाही. तरी.

तुमचा राग योग्य आहे. पण रक्त तुमचं आहे, या घराचं नाही. तपासून घ्या. मला कळवलं नाहीत तरी चालेल.

आपली,
कुसुमलता

—

पाचोरा,
६ एप्रिल २०२५

प्रिय बाईसा,

तुमचा आणि अमृतरावांचा फोन आल्यावर लिहायची तशी गरज नव्हती. पण एक गोष्ट मला फोनवर सांगता आली नसती.

आधी कामाचं. हसीबभाईंशी मी बोलले. तुमच्या तपासणीचे सगळे कागद त्यांनी तिथल्या सर्जनना दाखवले. गाठ एकच आहे, लहान आहे, बाकीचं यकृत चांगलं आहे, काढता येईल. ऑपरेशननंतर रोजची गोळी आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आयुष्यभर. तुमच्या मुलीची तपासणी चांगली आली हे ऐकून मी बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी होते. बुधवारी संध्याकाळपर्यंत मी मुंबईत पोचते. अमृतरावांनी एकट्याने सगळं धावायचं नाही.

तुम्ही फोनवर विचारलंत, "भाभी, आम्हा तिघांत हे आलं कुठून?" मी म्हटलं, नंतर बोलू. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. बहुधा तुम्हालाही उत्तर दिसलं असेल.

मुंबईहून आल्यावर मी साखर तपासायची असं सांगून मांजींचं रक्त तपासायला दिलं होतं. तेच, हिपॅटायटिस बी, त्यांच्यात आहे. त्यांना कधीच त्रास झाला नाही, होणारही नाही कदाचित. बाळंतपणात आईकडून मुलाला जातं. तेव्हा तपासणी नव्हती, लस नव्हती, कोणाला ठाऊक नव्हतं. हे श्रेयांसला आणि मला माहीत होतं. तुमच्या भावालाही, न सांगता कळलं होतं. आम्ही ठरवलं होतं की मांजींना कळू द्यायचं नाही. उठावण्याला आलेल्या बायकांना त्या म्हणत होत्या, "माझ्या दोन्ही मुलांना कोणाची नजर लागली? मलाच कशी नाही लागली?" आम्ही ऐकून घेत होतो.

काल दुपारी मी बॅग भरत होते. मांजी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठे निघालीस?"

खोटं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मुंबईला. चंद्रकलाबाईसांचं ऑपरेशन आहे."

तुमचं नाव या घरात त्यांच्यासमोर घेतलं म्हणून त्या ओरडतील असं वाटलं. त्या पलंगावर बसल्या.

"काय झालं तिला?"

"यकृतात गाठ आहे. लहान आहे. निघेल."

 मग म्हणाल्या, "प्रेमराजला तेच. अभयला तेच. तिने तर इतक्या वर्षांत या घरचं पाणी प्यायलेलं नाही."

"नाही."

"मग घरातून नाही गेलं. माझ्यातून गेलं."

मी साडीची घडी घालत होते. ती खाली ठेवली. म्हटलं, "हो, मांजी. पण तुम्हाला कळायला काही मार्ग नव्हता."

"साखर तपासायला रक्त नेलं होतंस, ते यासाठी?"

"हो."

त्या रडल्या नाहीत. मी पाणी दिलं, ते प्यायल्या. सूर्यास्ताआधी जेवायला बोलावलं तर नको म्हणाल्या. रिद्धी सुट्टीला आली आहे, ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिने समजावलं की आजी, यात कोणाचा दोष नसतो. मांजी म्हणाल्या, "आजार दिला त्यात नसेल. दार मी लावलं होतं. तेव्हा मी कोणाला विचारलं नव्हतं."

आज सकाळी सामायिक झाल्यावर त्यांनी चष्मा मागितला. मी तुम्हाला हे पत्र लिहिते आहे हे त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, "खाली थोडी जागा ठेव." मी समजूत घातली नाही, काय लिहायचं तेही सुचवलं नाही. अक्षर थरथरतं आहे, पण लागेल. तुम्ही काहीही उत्तर दिलंत तरी मी बुधवारी येणारच आहे, ते याच्याशी जोडू नका.

तुमची भाभी,
कुसुम

चंद्रा,
मी दवाखान्यात आले तर तुला चालेल का. नाही म्हटलंस तर मी घरीच थांबेन, कुसुमला पाठवते. अमृतरावांनाही विचार.

तुझी आई,
इंदिरा