तेरा तारखेचा मृत्युलेख

१७ मार्च, शुक्रवार. दुपारी ४.२०

बरोबर या वेळेला भाचीनं मला फोनवर खोटारडी ठरवलं. वेळ टिपून ठेवते, कामाला येईल.

"मावशी, आई चौदाला सकाळी गेली. तुझ्या ब्लॉगवर तिचा मृत्युलेख तेरा तारखेचा! रात्री पावणेअकराचा. तेव्हा ती श्वास घेत होती!"

काहीतरी चुकलंय, म्हटलं.

"चुकलंय? तुझं? एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसून लोकांच्या तारखा तपासल्यास ना?" आणि मग थंडपणे — "पुढच्या रविवारी येऊ नकोस. आईचं कपाट मी एकटी आवरेन."

ताई सहा चाळीसला गेली. इस्पितळाच्या बाकावर बसून, फोनवरून, मी लेख चौदालाच सकाळी सव्वादहाला प्रसिद्ध केला. शपथेवर सांगेन. प्रसिद्ध चौदालाच केला!

१८ मार्च

ब्लॉग उघडला. तेरा तारीख, रात्रीचे १०.४५. ढळढळीत.

लेखाच्या बाजूला तारखेची चौकट आहे. त्यात हातानं चौदा तारीख, सकाळचे १०.१५ घातले. झालं! दोन मिनिटांचं काम. भाचीला कळवलं.

तिचं उत्तर — "म्हणजे तारीख हवी तशी बदलता येते तर."

आपल्याच हातानं आपलाच पुरावा पुसला. माझ्या खिडकीशी कोणी खाडाखोड केलेला कागद आणला असता तर मी तो तोंडावर परत केला असता.

१९ मार्च

जुने लेख तपासले, एकूण एक. सकाळच्या फेरफटक्याचा लेख संध्याकाळी सातचा. दुपारच्या जेवणानंतरचा, मध्यरात्रीनंतरचा. सगळीकडे बरोबर साडेअकरा तासांचा फरक. सहा वर्षं हा ब्लॉग माझ्या अर्धा दिवस मागे चाललाय आणि मला पत्ता नाही! वाचकांनाही नाही. वाचक म्हणजे ताई आणि आणखी चारजण.

कंपनीला खरमरीत पत्र धाडलं. "आपल्या घड्याळामुळे एका कुटुंबात फूट पडली आहे. खुलासा करावा."

२० मार्च

खुलासा आला. "आपण निवडलेल्या शहरानुसार वेळ अचूक आहे."

मी निवडलेल्या! सेटिंग्ज उघडली. वेळेच्या रकान्यात भलत्याच शहराचं नाव. मी त्या गावात पाऊल ठेवलेलं नाही, ठेवणारही नाही. मग आठवलं. ब्लॉग काढताना शहर निवडल्याशिवाय पान पुढे सरकेना. यादी लांबलचक. मी पहिलंच नाव दाबलं आणि मोकळी झाले.

शाळेतल्या गणिताच्या सिस्टर म्हणायच्या, "आधी आपली वही तपासा, मग शेजारणीची." पट्टी उगारून म्हणायच्या. आज पट्टी लागली.

आपलं शहर निवडलं. जुने लेख पटापट जागेवर आले. आणि ताईचा लेख? चौदा तारीख, रात्रीचे पावणेदहा! हातानं घातलेल्या वेळेतही साडेअकरा तास मिळवले गेले.

तासाभरात भाची — "आता रात्र? मावशी, एकदाचं ठरव."

नजर ठेवून आहे म्हणजे. बरं वाटलं. वाचते तरी.

२१ मार्च

कंपनीतल्या बाईंनी आज फोनवरच समजावलं. शांत बाई. "हातानं घातलेली तारीख काढून टाका. मूळ वेळ आपोआप येईल." काढली. चौदा तारीख, सकाळचे १०.१५.

मी म्हटलं, आता माझ्या भाचीला हे पटायला हवं.

"सोपं आहे. लेखाखाली जुन्या आवृत्त्या आहेत. पहिला शब्द कधी लिहिला तिथपासून सगळ्या वेळा आहेत. त्या कुणालाच बदलता येत नाहीत. तुम्हालाही नाही. त्यांना पाठवा."

पहिला शब्द. आभार मानून फोन ठेवला. मग बराच वेळ भांडी घासत बसले. स्वच्छ होती.

२२ मार्च

काही केलं नाही.

२३ मार्च

भाचीला यादी पाठवली. पहिली आवृत्ती — ११ मार्च, दुपारचे ४.४०. म्हणजे तिनं धरलं होतं त्याच्याही दोन दिवस आधी.

खाली लिहिलं — "लेख ताईनंच लिहायला लावला. तू तेव्हा बाहेर डॉक्टरांशी नव्या औषधावरून भांडत होतीस. ती म्हणाली, मेल्यावर मला ऐकू येणार नाही, आत्ताच वाच. 'प्रेमळ' तिनं खोडायला लावलं, 'मी कधी होते गं?' म्हणून. 'हट्टी' तिनं घालायला लावलं. शेवटचं वाक्य तुझ्याबद्दलचं आहे, ते तिचं आहे. मी फक्त टंकलं. आणि म्हणाली, पोरीला सांगू नकोस, ती अजून औषध शोधतेय. म्हणून मी गप्प राहिले आणि घड्याळाला शिव्या घातल्या. कपाट आवरायला येऊ की नको, ते लेखी कळव. शनिवार, २५ मार्च, सकाळी दहाच्या आत. आपल्या घड्याळाप्रमाणे."