पेलेनीसे बोलू लागली

३ जून
राजधानी आपियाहून बोटीनं सवाई बेटावर पोचले. मैत्रिणींनी भिववलं होतं की खेड्यात तुझं मन रमायचं नाही. उलट जिच्या घरी उतरले त्या तौसागाबाईंनी आल्या आल्या नारळाच्या दुधात शिजवलेला तारोचा कंद पुढे ठेवला आणि शहरात काय वारा खाऊन राहतेस का, म्हणून माझी चेष्टा केली. घराला नुसते खांब आहेत, भिंती नाहीत. संध्याकाळी शंख वाजला की चटयांचे पडदे सोडून प्रार्थनेला बसायचं. दवाखान्यात मनाच्या दुखण्यांवर इलाज करायचं काम माझं, आणि पहिली रोगी बाईंचीच सून, पेलेनीसे. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परतला नाही, तेव्हापासून हिच्या तोंडून शब्द नाही. तिला बोलती केली नाही तर नावाची लोसा नाही.

५ जून
बाईंनी बजावलं, तिला हवं ते विचार, पण तिच्या मनात काय आहे ते तू सांगू नकोस. पोटातलं ज्याचं त्याच्याच ओठावर यावं. दुसऱ्यानं काढलं तर दार उघडंच राहतं. सगळ्या सामोआत ही रीत. मी हसले. मन ओळखायलाच तर मी शिकले. यावर बाई म्हणाल्या, शहाणी आहेस, पण जरा जास्तच.

९ जून
पेलेनीसे नीरफणस सोलत होती. तिच्या दंडावर जुने वण दिसले. मी सांगून टाकलं की तुला दुःख झालेलंच नाही. नवरा तुला मारायचा, त्याची होडी परतली नाही तेव्हा तू सुटलीस. तिनं सुरी खाली ठेवली आणि बोलली. म्हणाली, जिंकले एकदाची, असं वाटतंय ना तुला.
अगदी हेच वाटत होतं. अंगावर काटा आला, पण आनंद जास्त झाला.

११ जून
भिंती नाहीत, मुलाबद्दल मी बोलले ते बाईंनी सगळं ऐकलं. आता माझं पान वाढत नाहीत. पेलेनीसे मात्र गावभर बोलत सुटली आहे, आणि सगळं माझ्याच मनातलं. लोसाला आपण अडाणी वाटतो. लोसाला तौसागाच्या अंगाचा वास सहन होत नाही. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. बायका मला बघून थुंकतात.

१२ जून
बाईंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, दार तू उघडलंस. त्यातून तू आत गेलीस, तशी तीही येणार.

१३ जून
आता ती आधी बोलते, मग मला तसं वाटतं. बोटीसाठी सामान बांधलं. ती म्हणाली, लोसाला जायचं नाही. मग जावंसंच वाटेना—

१४ जून
आईचं नाव आठवेना. पेलेनीसेला विचारलं. तिनं हसत सांगितलं.

१५ जून
शंख वाजला. चटया सोडल्या. ती पलीकडेच बसली आहे. एकेक वाक्य बोलते, मी लिहिते. हेसुद्धा. तिनं सांगितलं म्हणून मला भीती वाटते—
थांबली.
पेलेनीसे, बोल. तू बोलली नाहीस तर मला पुढे