मोरकंठाची सोयरीक

२ जुलै, बुधवार
चौथे अंडे फुटले. पुनः मातकट. पिलू गोड आहे, आल्याआल्या माझ्या बोटामागे धांवले, पण मातकट ते मातकटच. मुलगी. नांव गोदी.
मोरकंठाची आतां दोनच अंडी उरली. ह्या खेळात नराला जन्मात मोजकी अंडी देतात, मग तो म्हातारा होऊन झाडाखाली बसून राहतो. आमचे हे बसतात तसा. (हे माझी वही वाचत नाहीत, म्हणून लिहिते.)

विसरायच्या आधी लिहून ठेवते. मोरकंठ म्हणजे माझा पंखवाला सरडा. वैदेही, माझ्या लेकाची लेक, कोइंबतुरास कॉलेजास गेली तेव्हां टॅब माझ्या हाती देऊन म्हणाली, अज्जी, ह्या खेळातल्या माझ्या सरड्यांस दाणे तेवढे घाल. दाणे घालतां घालतां मी त्यांच्या सोयरिकी जुळवू लागले. पांचवीपर्यंत शिकलेली मी, पण सोयरीक कशी जुळवायची हे शाळेत शिकवतात का? जगाचे सरडे मातकट, नाहीतर शेवाळी. माझ्या घरी मोरकंठ जन्मला. मान हलवली की निळी, पुनः हलवली की हिरवी, दारासुरमला मागावर दोन रंगांचे रेशीम उतरते तशी. पूर्ण खेळात दुसरा नाही. वै. ने तीनदा तपासले. ह्यास म्युटेशन म्हणतात. मी म्यु. लिहिते, बोट दुखते.
त्या रंगाची जोडी, दोन्ही जिवंत असतांना, दाखवली तर खेळाच्या पुस्तकात त्या रंगास आपण ठेवू ते नांव लागते. कायमचे. मी ठेवलेही आहे. मोरकंठी. एक आहे. दुसरा पाहिजे.

४ जुलै, शुक्रवार
वै. चा फोन. बाहेरून आणलेल्या माद्यांपासून हा रंग कधींच येणार नाही म्हणाली. रंग आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून यावा लागतो. एकीकडूनच आला तर अंगात लपून राहतो. म्हणजे माझी चारही अंडी फुकट. आधी सांगायचे नाही का? तर म्हणते, परीक्षा होती.
मग हळूच म्हणाली, "अज्जी, गोदीच्या अंगात तो नक्की आहे. मोरकंठ आणि गोदी. दोनांत एक तसा निघेल. खेळाच्या गटात सगळे हेच करतात."
मी टॅब पालथा ठेवला. बाप आणि लेक.
"ते सरडे आहेत गं."
"माझ्या घरचे आहेत."
ती हसली. मी नाही.
नंतर एक चांगले पुसले तिने. मोरकंठाचे आईबाप एकमेकांचे कोण? मी कॅलेंडरच्या पाठीवर सगळी वंशावळ काढून ठेवली आहे, आठ पाने झाली. बघून सांगितले, आत्येमामेभावंडे, मीच जुळवले. तेव्हां ती म्हणाली, अज्जी, मोरकंठाच्या पणजीच्या अंगात लपलेला रंग दोन वाटांनी येऊन मोरकंठात भेटला, तुझ्या पद्धतीनेच तो वर आला. मजला ठाऊक नव्हते खरे. पण ऐकून कॉफीत साखर घालायची विसरले, आणि तीच कॉफी ह्यांस दिली.

७ जुलै, सोमवार
सकाळी तांदूळ उपसत होते आणि उमजले. मामा.
माझे लग्न माझ्या मामाशी झाले, आईच्या धाकट्या भावाशी. कुंभकोणात कोणी भुवई उचलत नाही. मग मोरकंठास भाची आहे की नाही? आहे! त्याची सख्खी बहीण तारा मी संक्रांतीस खेळातल्याच मिरजेच्या सुनंदाबाईंस दिली होती, बदल्यात एक शेवाळी मादी घेतली. तारेस तिकडे पिले झाली असणार. ओले हात तसेच घेऊन ह्यांस सांगायला गेले.
हे म्हणाले, "अगे, सरड्यास मामा केलेस, मग माझा काय मान राहिला?"
मी म्हटले, त्यास अंगावर दोन रंग आहेत, तुम्हांस कोणते? पेपर तोंडापुढे धरून हसत होते. पेपर हालत होता.

९ जुलै, बुधवार
सुनंदाबाईंशी बोलले. मिरजेत पोळीभाजी केंद्र चालवतात, पोळ्या लाटतां लाटतां बोलतात, मागे लाटण्याचा आवाज. पहिल्यांदा बोललो तेव्हां माझी मराठी ऐकून पुसले होते, आज्जी, तुम्ही राजवाड्यात राहता का? चुकांबद्दल काही बोलल्या नाहीत, सज्जन बाई.
तारेस एक मुलगी आहे, चिमी. मातकट. मागितली. लाटणे थांबले.
"अहो आज्जी, मामा-भाची? आमच्यात मामा म्हणजे बापाच्या जागी. मला पाप लागायचं."
मी सांगितले, मी बावन्न वर्षे मामाबरोबरच संसार करते आहे, पाप लागायचे तर एव्हांना लागले असते. त्या इतक्या हसल्या की त्यांची पोळी करपली. चिमी देते म्हणाल्या, पण विहीणबाई म्हणायचे आणि मानपान करायचा. मी खेळातली चाळीस लाल बोरे पाठवली. उलट निरोप, एवढ्यात काय होतंय, आमची एकुलती एक आहे. आणखी वीस पाठवली. विहिणी सगळीकडे सारख्याच.
वै. चा हिशेब: तारेच्या अंगात रंग असेल, नसेल. चिमीच्या तर त्याहून कमी. सहांत एक. गोदीशी दोनांत एक. तिने दोनदा सांगितले. ऐकले. दोन्हीदा ऐकले.

११ जुलै, शुक्रवार
चिमी आली. बसकी आहे, पण डोळे बोलके. मोरकंठाने मान फिरवली, निळी झाली. अंडे घातले.
माझ्या कॅलेंडरच्या पानाचा फोटो वै. ने गटात टाकला होता. आतां लोक पुसतात! कोणाची मादी कोणास द्यावी, कोण कोणाचा चुलता. एक बंगळूरचा मुलगा, मोठा नोकरदार, म्हणे संगणकावर यादी करूनही मला नाते कळेना, तुम्ही सांगा. मी भाजी चिरतां चिरतां सांगितले. चुलत बहीण आहे, नको. त्याने जोडी मोडली! लेकाने फोनवर पुसले, अम्मा, तू काय वधूवर मंडळ उघडलेस? होय म्हटले.

१३ जुलै, रविवार
मातकट. मुलगा.
एक उरले.
विहीणबाईंचा फोन. जेवलात का, पुसले. चिमीस माघारी बोलावले नाही.

१६ जुलै, बुधवार
उद्यां आडी लागते, इथला तमिळ महिना. आडीत इथे लग्नकार्य करीत नाहीत, मी सरड्यांचेही करणार नाही. हे म्हणाले, आपण मराठे, आपले पंचांग निराळे, आपल्यास आडी कशाची? मी म्हटले, किती पिढ्या ह्या गांवचे पाणी प्यालो? आडी सरेपर्यंत मोरकंठ झाडाखाली बसलेला असेल. म्हणून आजच.
वै. फोनवर होती. तिच्या संगणकावरही आमच्या सरड्यांचे कुंपण दिसते. म्हणाली, "अज्जी, शेवटचे आहे. गोदी बाजूसच उभी आहे."
खोटे कशास लिहू. मी गोदीस आंत घेतले. पडद्यावर आले, जोडी लावू का? होय, नाही. माझे बोट होय वर होते. दोनांत एक. पुस्तकात नांव. माझ्या घराण्यात कोणाचे नांव कोणत्या पुस्तकात आहे? गोदी नेहमीसारखी बापाच्या मागे मागे, त्याने टाकलेले बोर उचलीत होती. त्याने एक पुढे ढकलले तिच्यासाठी. तसे शिकवलेलेच असते त्यांस, वै. म्हणते. असेल.
नाही दाबले.
वै. ने मोठा श्वास सोडला, ऐकू आला.
"लोक पुसतील, आजीबाई, हा रंग कसा आणलात," मी म्हटले. "मजला सांगता आले पाहिजे. गोदीचे सांगता येणार नाही."
"सहांत एक, अज्जी. त्याहूनही कमी आतां."
"आहे ना एक?"
मग ती म्हणाली, "बरं. चिमीला घे. मी आहे इथे." दाबेपर्यंत होती. क्लास बुडवला.
अंडे घातले. घरट्याशी चिमी, बाहेर मोरकंठ. खूप देखणा दिसत होता. हे मी आई आहे म्हणून नाही म्हणत.

१८ जुलै, शुक्रवार
सायंकाळी पांचास फुटणार. चारपासून बसले आहे. वंशावळीत नववे पान लावले, आईबापांची नांवे घातली, रेघ ओढली, रंगाचे घर रिकामे.
पावणेपांचास हे खुर्ची ओढून शेजारी आले. पुसले नाही, पेपरही आणला नाही. वै. एका फोनवर, विहीणबाई दुसऱ्यावर. त्यांनी आज लाटणे बंद ठेवले आहे. गिऱ्हाईक आले होते, त्यास म्हणाल्या, थांबा जरा, घरचं आहे.
बाजूस वही धरून लिहिते आहे, अक्षर वाकडे येते.
तडा गेला. तोंडाचे टोक. आतां डोके.
वै. विचारते, कोणता, अज्जी, कोणता, माझ्याकडे चित्र अडकलंय.
मान बाहेर आली. ओली चिप्प आहे, पिसे अंगाला चिकटलेली, ओल्यात सगळेच काळे दिसते. हे म्हणतात निळे आहे. ह्यांचा मोतीबिंदू. मजला काही दिसत नाही अजून, नाही, थांबा. वाळूं दे.