हिरवं झालं का?

१४ सप्टेंबर

आज जमीन फोडली. फोडली म्हणजे अक्षरशः फोडली — ट्रॅक्टरचा डिस्क-नांगर मातीत शिरायलाच तयार नाही, वरच्या वर उड्या मारतो. लाल धूळ नाकात, कानात, दातांत. ऑगस्टपासून आभाळातून एक थेंब नाही.

डॉयल मागच्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून हुकूम सोडतोय. हळू चालव, डिस्कवर वजन ठेव, कडेच्या ओकच्या झाडाला धडकू नकोस. आणि मी जरा थांबले की विचारतो, माती कशी दिसतेय? अरे बाबा, तुझ्या डोळ्यांसमोर तर आहे!

चिडायचं नाही असं ठरवलं होतं. हे लोढणं मीच गळ्यात घालून घेतलंय. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्याचं झाडावरच्या मचाणावर चढणं बंद केलं आणि माझा नवरा जो खुर्चीत बसला तो बसलाच. बंदूक हॉइटला देऊन टाकतो म्हणाला. हॉइट त्याचा धाकटा भाऊ. सीझनच्या पहिल्या दिवशी हे दोघं लहानपणापासून एकत्र हरणाच्या शिकारीला जातात, एकदाही चुकलेले नाहीत. मी म्हटलं, देऊ नकोस. घरामागच्या कुरणात मी हरणं यावीत म्हणून चारा पेरते, कडेला जमिनीवरच लपून बसायला आडोसा बांधते. पायऱ्या उतरून चार पावलं चाललास की झालं.

“चारा उगवला तर बघू,” म्हणाला.

म्हणजे आता उगवायलाच पाहिजे.

२१ सप्टेंबर

पेरणी. आणि पेरणीचा सत्यानाश.

डॉयल म्हणाला, निदान बी फेकायच्या स्प्रेडरचा काटा तरी मला लावू दे. मला बरं वाटलं, खुर्चीतून उठला तरी. क्लोव्हर गवताचं बी मोहरीपेक्षाही बारीक, भोक अगदी नावाला उघडं ठेवायचं असतं. यानं ठेवलं सताड! पहिल्याच फेरीत सगळं बी कुंपणाच्या कडेला सांडून मोकळं. बाकीच्या रानात मग नुसते ओट्स फेकले.

जन्मभर हेच काम केलेला माणूस! मी बोलायचं ते बोलले. तो एवढंच म्हणाला की चष्म्यावर धूळ होती. तो चष्मा सकाळी मीच पुसला होता.

२२ सप्टेंबर

चर्चमध्ये प्रार्थनेसाठी कुणाला काही मागायचंय का, असं पाद्रींनी विचारलं. मी हात वर केला. पाऊस मागा म्हटलं. अख्ख्या बाकांवरून माना वळल्या! इथे निम्म्या लोकांचा भुईमूग उपटून शेतात वाळत पडलाय, त्यांना आत्ता पाऊस म्हणजे पोटावर पाय. हॉइटचाही भुईमूग पडलाय. बाहेर आल्यावर म्हणाला, “वहिनी, पंधरा दिवस तरी तोंड बंद ठेव, देवाचा काय भरवसा, ऐकायचा एखाद वेळेस.”

पाद्रींनी शेवटी सर्वांना ज्याची गरज असेल ते मिळो, असं म्हणून वेळ मारून नेली.

२ ऑक्टोबर

पाऊस नाही. कावळे मात्र आहेत. माझे ओट्स टिपतायत.

९ ऑक्टोबर

आज तालुक्याला मला एकटीला जावं लागलं. डॉयल गाडी चालवत नाही. ब्रेक दाबताना गुडघा दुखतो म्हणे. औषधं, किराणा, कोंबड्यांचं खाद्य, सगळं मी. परत आले तर हा तिथेच, तस्साच.

“हिरवं झालं का काही?”

तू दिवसभर इथे बसलायस आणि मला विचारतोस? बरं, खाली येऊन बघ म्हटलं तर तेही नाही. सीझनआधी रानात माणसाचा वास सोडायचा नसतो म्हणे. मग माझ्या अंगाला काय गुलाबाचा वास येतो?

कॉर्नब्रेड करपली. तशीच वाढली. मुकाट्यानं खाल्ली त्यानं.

१६ ऑक्टोबर

पाऊस!! रात्रभर. पत्र्यावर तडतड वाजत होता आणि आम्ही दोघं अंथरुणात जागे, हसत होतो. हॉइटचा भुईमूग परवाच घरात आला. त्याचंही भलं झालं, माझंही. डॉयलनं माझा हात धरून ठेवला होता. कित्येक दिवसांत असं काही झालं नव्हतं.

२४ ऑक्टोबर

उगवलंय! बोटभर उंच ओट्स, सगळीकडे. मी धावत व्हरांड्यात आले. त्यानं मला खाली बसवून सगळं विचारून घेतलं — दाट आहे का, मधे टक्कल पडलंय का, ओकच्या सावलीत कसंय. मीही सांगत बसले. छान गेली संध्याकाळ.

जाता जाता म्हणाला, आता लष्करी अळीवर लक्ष ठेव, रोज संध्याकाळी पानं उलटून बघत जा. झालं! जरा आनंद होऊ द्यायचा नाही.

३१ ऑक्टोबर

संपलं.

पानं उलटून बघितली नाहीत मी. कंटाळा केला. आज सकाळी जाऊन बघते तर जमीन हलतेय! लष्करी अळी. पट्ट्याच्या पट्टा खात निघालेली, मागे नुसते बुडखे. दुपारपर्यंत तेही गेले. मी रानात मधोमध उभी राहून रडले, रागानं. दुष्काळानं सोडलं ते अळीनं नेलं.

डॉयल एक शब्द बोलला नाही. म्हणजे ‘सांगितलं होतं ना’ असंसुद्धा नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

३ नोव्हेंबर

गहू पेरला. उशीर झालाय, सगळं कळतंय मला. आभाळ पुन्हा कोरडं ठणठणीत. हॉइट म्हणाला, वहिनी, सोडून दे आता, त्याला मी माझ्या रानात नेतो. तिथे दोन कुंपणं चढावी लागतात, हे त्यालाही ठाऊक आहे.

१२ नोव्हेंबर

काही नाही. लाल माती, भेगा, वर ओकची पानं.

मी ओट्यावर कोंबडी कापतेय, हात बरबटलेले, आणि व्हरांड्यातून रोजचा सूर, “मर्टिस, हिरवं झालं का?” डोक्यात तिडीकच गेली. ओरडले, “हो, झालंय ना! हिरवंगार! डोळे दिपतायत नुसते! बघ की जरा मान वर करून!”

बरं झालं, म्हटलं, बसली एकदाची जिभेला खीळ.

१५ नोव्हेंबर

हा माझी टर उडवतोय. दुसरं काय म्हणायचं याला?

परवापासून स्वारी खुशीत आहे. शीळ काय घालतोय, बंदुकीला तेल काय लावतोय. आज हॉइटला फोन करून सांगत होता, अरे, मर्टिसनं कमाल केली, या वर्षी माझ्याकडेच यायचं, गहू काय आलाय! माझ्यासमोर! मी भांडी आपटली. त्याला त्याचंही काही नाही.

इतकी वर्षं संसार केला, पण असा खवचटपणा यानं कधी केला नव्हता.

१९ नोव्हेंबर

बोलणं बंद आहे. माझ्याकडून. तो बोलतोच आहे.

२२ नोव्हेंबर

उद्या सीझनचा पहिला दिवस. हॉइट मुक्कामाला आलाय, त्याच्या बायकोनं दिलेली पेकान नट्सची गोड पेस्ट्री घेऊन. दुपारचं लख्ख ऊन होतं. डॉयल त्याला दंडाला धरून व्हरांड्याच्या कठड्यापाशी घेऊन गेला. हात पसरून म्हणाला, “बघ. काय गहू आलाय, बघ. वहिनीला काय समजतोस तू?”

मी दारात उभी होते. समोर नुसती माती. उघडीबोडकी, लाल. डॉयल तिच्याकडेच बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर खवचटपणाचा मागमूस नव्हता. अभिमान होता.

हॉइटनं मातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच म्हणाला, “छान आलाय रे.”

मी आत गेले. नळ सोडला आणि तशीच उभी राहिले. चष्मा. स्प्रेडरचा काटा. गाडी. माती कशी दिसतेय, हिरवं झालं का. कधीपासून, देवा? आणि मी त्याला रोज सांगत होते, समोर तर आहे, बघ की.

२३ नोव्हेंबर

पहाटे तिघं आडोशात जाऊन बसलो. डॉयलनं वाकून जमिनीवर हात फिरवला. इकडे, मग तिकडे. ढेकूळ हाताला लागलं, ते चुरडलं.

“काहीच आलं नाही ना गं?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यानं खिशातून बंदुकीच्या गोळ्या काढल्या, चाचपत माझा हात शोधला आणि त्यात ठेवल्या. “तू बघ. मला सांग.”

उजाडल्यावर ओकखाली दोन माद्या आल्या, मागे एक पाडस. पडलेली ओकची फळं खात होत्या. तो विचारत गेला, मी सांगत गेले.